डावा लिव्हर

३ जुलै

गोठ्यातून मोटरसायकल बाहेर काढली. वर पोती होती, तंबाखू वाळवायच्या बांबूच्या ताट्या होत्या आणि कोंबड्यांची घाण. टाकीचा लाल रंग टिकून आहे. माझा मुलगा प्रिहान्तो मासेमारीच्या जहाजावर गेला तेव्हापासून गाडी तिथेच उभी होती. सहा वर्षं.

पहिल्या गिअरमध्ये टाकली, डावा लिव्हर पूर्ण ओढला आणि ढकलून पाहिली. मागचं चाक फिरेना. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटल्या आहेत. गाडी फार दिवस उभी राहिली की असं होतं. म्हणून तशी ठेवायची असेल तर लिव्हर ओढून हँडलला बांधून ठेवतात. मग प्लेटा सुट्या राहतात, कितीही वर्षं. हे मीच माझ्या मुलाला शिकवलं होतं.

त्याने लिव्हर बांधला नव्हता. याचा अर्थ एकच होतो. त्याला लवकर परत यायचं होतं.

नार्सिह पातेलं घासत होती. तिला बोलावून दाखवलं.

"विसरला असेल, पाक," ती म्हणाली. ती मला पाक म्हणते, बापाला म्हणतात तसं.

"तो असलं विसरत नाही."

"मग घाईत असेल."

सून म्हणून मी तिला कधी बोल लावला नाही. पण नवऱ्याबद्दल बोलताना तिने हात तरी थांबवायला हवे होते.

५ जुलै

परवा गाडी काढली ती उगीच नाही, हे इथे लिहून ठेवायला हरकत नाही. त्याच्या आदल्या दिवशी कुस्वान्तो, म्हणजे कुस, येऊन गेला होता. खालच्या वस्तीवरचा. हंगामात तंबाखूची पानं चिरतो. हात चांगला आहे असं सगळे म्हणतात. त्याला नार्सिहशी लग्न करायचं आहे. आज पुन्हा आला, चटईवर बसला, चहाला हात लावला नाही.

प्रिहान्तो बेपत्ता आहे असं कोर्टाने ठरवलं तर नार्सिह मोकळी होते. त्यासाठी बापाने न्यायाधीशापुढे एक वाक्य बोलायचं: माझ्या मुलाची काही खबर नाही. तारीख ऑक्टोबरात मिळेल असं कुस विचारून आला आहे. माझ्याआधी कोर्टाला विचारून आला.

"जहाजवाल्यांचा माणूस घरी येऊन सांगून गेला ना, पाक," तो म्हणाला. "सकाळी डेकवर नव्हता म्हणून."

"नव्हता म्हणजे काय? तू आत्ता तुझ्या घरी नाहीस. मेलास का?"

नार्सिहने मान खाली घातली. हसू लपवायला असेल किंवा दुसरं काही.

मी त्याला सांगितलं: प्रिहान्तोची गाडी चालू करून दे. आपला उतार उतरून पुलापर्यंत ने आणि परत आण. त्या दिवशी मी साक्षीला तयार.

"मला गिअरची गाडी येत नाही, पाक. मी मॅटिक स्कूटरवरच शिकलो."

"सगळी तशीच झालीत. बूड टेकायचं, कान पिळायचा आणि डाव्या हाताने ब्रेक दाबायचा. गिअर नाहीत, क्लच नाही. पायांना काही कामच नाही."

"शिकेन," तो म्हणाला.

याला नकार म्हणता येणार नाही. मी नकार दिलेला नाही.

९ जुलै

क्लचची केबल आतून गंजली होती. कुसने नवी आणून घातली. कामावरून थेट येतो, अंगाला हिरव्या पानांचा वास असतो. मी खुर्चीत बसून सांगतो, तो करतो. लिव्हरला थोडा मोकळेपणा ठेवायचा असतो, दोन नाण्यांच्या जाडीइतका, हे त्याला तीनदा सांगावं लागलं.

शाळेत भूमिती शिकवायचो तेव्हा अशी मुलं मागच्या बाकावर असत. मन लावून चूक करणारी.

केबल बदलून प्लेटा सुटणार नाहीत हे मला माहीत होतं. पण पायरी पायरीनेच जायला हवं.

१७ जुलै

आज इंजिन सुरू झालं. तो आवाज ऐकून नार्सिह दारात आली आणि तशीच उभी राहिली. मी तिच्याकडे पाहिलं. ती कुसकडे पाहत होती.

इंजिन गरम झाल्यावर मी म्हटलं, लिव्हर दाबून गिअर टाक. असं केल्याने कधी कधी प्लेटा झटक्याने सुटतात. सुटल्या नाहीत. गाडीने उडी मारली आणि त्याला घेऊन ताट्यांच्या थप्पीत घुसली. बांबूने त्याचा गाल कापला.

"घोडा आहे की काय हा, पाक," तो रक्त पुसत म्हणाला.

"घोड्याला माणूस कळतो."

नार्सिह ओला फडका घेऊन धावली. तिला मी इतकं धावताना पाहिलेलं नाही.

एक गोष्ट लक्षात आली ती लिहून ठेवतो. गाडी उसळली तेव्हा त्याने डावा लिव्हर आणखी आवळला. थांबवण्यासाठी. बंद पडल्यावरही सोडला नाही. उजवा पाय ब्रेकवर असायला हवा होता, तो हवेत होता. त्याचा डावा हात अजून स्कूटरवरच आहे.

२६ जुलै

सुटल्या. चौथ्या गिअरमध्ये टाकून, लिव्हर दाबून, तो आणि नार्सिह दोघं गाडी पुढेमागे झुलवत होते. आतून कोरडी फांदी मोडावी तसा आवाज आला आणि चाक फिरलं. दोघं हसायला लागली. एकाच गाडीला दोन बाजूंनी धरून, शाळा सुटल्यासारखी.

तेल बदलायचं होतं. कुसने मोटरसायकलचं तेल आणलं होतं. तो हात धुवायला गेला तेव्हा मी मोटारीचं तेल ओतलं. शेजारच्या पिकअपचं उरलेलं गोठ्यात होतं. त्या तेलाने या प्लेटा घसरतात हे मला ठाऊक आहे. पण चांगलं तेल जुन्या इंजिनात पहिल्यांदाच घालून वाया का घालवायचं? एकदा धुऊन निघेल. हा विचारही चुकीचा नाही.

२ ऑगस्ट

क्लच घसरतो. इंजिन ओरडतं, गाडी चढत नाही. कुस अर्ध्या चढावरून ढकलत परत आला. सगळा दोष त्याने स्वतःकडे घेतला.

"मीच झुलवताना काहीतरी मोडलं असणार, पाक."

"असेल."

"तुम्हाला राग नाही आला?"

"तुझ्याकडून मी वेगळी अपेक्षाच केली नव्हती."

नार्सिह तेम्पे, सोयाबीनच्या वड्या, तळत होती. जेवताना तिने माझ्या ताटात नेहमीपेक्षा एक तुकडा जास्त वाढला. ती मऊ पडते आहे. इतकी वर्षं एका घरात राहिल्यावर माणूस उठून जात नाही. हा नाद जाईल.

९ ऑगस्ट

इंजिनच्या उजव्या बाजूचं झाकण उघडलं. स्प्रिंगा काढल्या, प्लेटा एकेक करून वर्तमानपत्रावर मांडल्या. काही गुळगुळीत झाल्या होत्या. कुसने त्या पेट्रोलमध्ये धुतल्या, घासल्या. नव्या स्प्रिंगा तो तेमांगगुंगच्या बाजारातून आणणार. बसवण्याआधी प्लेटा चांगल्या तेलात भिजवाव्या लागतात. नार्सिहने त्यासाठी इनॅमलचं जुनं टमरेल दिलं. प्रिहान्तोचं चहाचं टमरेल.

"हे का?" मी विचारलं.

"दुसरं रिकामं नव्हतं, पाक."

रिकामं.

कुसने झाकण लावण्यापूर्वी जुन्या तेलाचा वास घेतला. बोटावर घेऊन चोळलं. माझ्याकडे पाहिलं. मी त्याला झाकणाखाली तेल गळू नये म्हणून घालायचा कागद नीट कापायला सांगितलं.

"पाक, खरंच येणार ना साक्षीला?"

"मी मास्तर होतो. शब्द देऊन फिरवत नसतो."

"बरं," तो म्हणाला आणि कागद कापायला लागला. तेलाबद्दल चकार शब्द नाही. त्याच्या जागी मी असतो तर भांडलो असतो. भांडला असता तर कदाचित मला तो आवडलाही असता.

१४ ऑगस्ट

अंगणात फिरवून पाहिली. क्लच आता लोण्यासारखा सुटतो. दोन बोटांनी दाबला तरी इंजिन आणि चाक वेगळी होतात. काम चांगलं झालं आहे. मीही इतकं चांगलं केलं नसतं.

दुपारी तो चिरायला गेला असताना पुढच्या ब्रेकची केबल काढून टाकली. टोकाला गंज होता. अशी केबल कधीही तुटू शकते, विश्वास ठेवण्यापेक्षा नसलेली बरी. नवी शनिवारी बाजाराला गेलो की आणेन. मागचा ब्रेक पायात आहे, तो उत्तम लागतो. गिअरची गाडी चालवणाऱ्याला तेवढा पुरतो.

कुस उद्याच जातो म्हणाला. हंगाम भरात येतोय, नंतर वेळ नाही.

त्याला सांगायला हवं. सकाळी सांगेन.

१५ ऑगस्ट

नार्सिहने गाडी पुसून ठेवली होती. कुस धुतलेला शर्ट घालून आला, जणू मागणी घालायला. तिने त्याची कॉलर सरळ केली, माझ्यासमोर.

"मास, हळू जा," ती म्हणाली. नवऱ्याला हाक मारावी तसं, मास.

"पुलापर्यंत तर जायचं. तोवर पाकसाठी चहा टाक, आल्यावर मीही पितो. आज पितो."

त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "आणखी काही सांगायचं, पाक?"

मी म्हटलं, "शिकलास ना सगळं?"

"शिकलो."

मग सांगण्यासारखं काय राहिलं?

आमच्या घरापासून पुलापर्यंत नुसता उतार आहे, शेवटी वळण आणि दगडी कठडा. पहिल्या गिअरमध्ये गेला, मग दुसऱ्या. इंजिन त्याला धरून होतं, आवाजावरून कळत होतं. वळणाच्या आधी तो आवाज एकदम खाली आला. इंजिन शांत, मोकळं. लिव्हर दाबल्यावर येतो तसा. त्यानंतर फक्त चाकांचा आवाज, वाढत जाणारा.

नार्सिहच्या हातात चहाची किटली होती. ती तिने नीट खाली ठेवली आणि मग धावली.

१८ ऑगस्ट

जिवंत आहे. डावं मनगट आणि बोटं कठड्यावर चिरडली. दोन बरगड्या मोडल्या. त्याच्या घरच्यांनी त्याला हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्याकडे नेलं आहे. रोज तेल, रोज ओढणं. ओरडणं रस्त्यापर्यंत ऐकू येतं म्हणतात.

गाडी चौघांनी वर आणून टाकली. पुढचं चाक वाकडं. डावा लिव्हर अर्ध्यात वाकून मुठीला चिकटला आहे. त्याने शेवटपर्यंत दाबून धरला असणार.

पायाने ब्रेक लावायचा, इतकं साधं. माणसाने शांत राहायला हवं.

भूक लागत नाही. वयामुळे असेल.

२ सप्टेंबर

नार्सिह रोज खालच्या वस्तीवर जाते, अंधार पडण्याआधी येते. माझं जेवण झाकून ठेवलेलं असतं. आज मी विचारलं, कसा आहे?

"हाडं जुळली. बोटं मिटत नाहीत."

"मिटतील."

"चिरणाऱ्याचा डावा हात पानांची गुंडाळी पुढे सारतो, पाक. सुरीच्या धारेपर्यंत. बोटं मिटली नाहीत तर तो सुरीसमोर हात ठेवू शकत नाही. हंगाम गेला. पुढचाही जाईल."

"उजवा हात आहे ना."

ती म्हणाली, "पुढच्या ब्रेकला केबल नव्हती."

"गंजली होती. शनिवारी आणणार होतो."

"त्याला माहीत होतं?"

"गाडी चालवण्याआधी माणसाने गाडी पाहायची असते."

"हो," ती म्हणाली. "पाहायची असते." आणि भांडी उचलली.

ती रडली असती तर मी काही बोललो असतो. मी तयार होतो. पण ती रडली नाही, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

१० सप्टेंबर

चाक सरळ करून घेतलं. लिव्हर तापवून सरळ केला; एक मुरड राहिली आहे, बोटाला लागते. पुढच्या ब्रेकला नवी केबल घातली. नार्सिह बाजूला उभी राहून पाहत होती. कुठला नट कशाचा ते विचारत होती.

कुसच्या आईने निरोप पाठवला की लग्नाचं आता कोणी बोलू नये, त्यांच्या घरी एक माणूस बसून खाणारा झाला आहे. नार्सिहला सांगितलं तर ती म्हणाली, "ऐकलं मी."

घर पुन्हा जागेवर येत आहे.

२१ सप्टेंबर

आज नार्सिह आपण होऊन म्हणाली, "पाक, मला शिकवा."

"काय?"

"गाडी. डावा हात कशाचा, उजवा पाय कशाचा. नीट, पहिल्यापासून."

इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मला आनंद झाला हे लिहायला लाज वाटायचं कारण नाही. तीही मॅटिकवरच शिकलेली. ताट्या मांडायच्या मोकळ्या जागेत तिला फिरवलं. तिचाही डावा हात थांबण्यासाठी लिव्हरकडे वळत होता. मी काठीने तिच्या उजव्या पावलावर टकटक करत होतो. ब्रेक इथे. इथे. लिव्हर म्हणजे सोडणं, थांबणं नाही. उतारावर दाबलास की गाडी कोणाचीच राहत नाही.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

"उतारावर दाबलास की गाडी कोणाचीच राहत नाही."

"हे किती सोपं आहे," ती म्हणाली.

५ ऑक्टोबर

चांगली चालवते. प्रिहान्तोपेक्षाही हलक्या हाताने. गिअर पडतात ते कळतही नाहीत. बाजारातून तांदूळ आणि माझं पोटाचं औषध आणते. संध्याकाळी परत येतानाचा आवाज मी अंगणात बसून ऐकतो. दुसरा, मग चढावर पहिला, मग बंद. असा आवाज या घरात पुन्हा येईल असं वाटलं नव्हतं.

तिने कोर्टात घेऊन ठेवलेली २३ तारीख रद्द केलेली नाही. मी विचारलं नाही. बाई एकदा घेतलेली तारीख लाजेने रद्द करत नाही, तिथे जाऊन गप्प बसते. मीही जाऊन सांगेन की मुलगा लिव्हर न बांधता गेला आहे, त्याची वाट पाहायला हवी. न्यायाधीशालाही कोणी मुलगा असेल.

२३ ऑक्टोबर

आजच लिहून ठेवतो.

सकाळी ती म्हणाली, कोर्टात जायला मिनीबस नको, मी नेते. मी इस्त्रीची टोपी घातली आणि मागे बसलो. तिच्या कमरेला धरावं की सीटला, याचा संकोच वाटला. सीटला धरलं.

घराच्या उतारावर ती दुसऱ्या गिअरमध्ये होती. इंजिन आम्हाला धरून होतं. बांबूच्या बेटाशी तो आवाज खाली आला. मला वाटलं गिअर बदलते आहे. तिने बदलला नाही. डाव्या हाताची बोटं लिव्हरवर मिटलेली होती, खांद्यावरून मला दिसत होती.

"सोड," मी म्हणालो. "लिव्हर सोड."

"कोर्टात काय सांगणार, पाक?"

"आधी ब्रेक लाव."

"आधी सांगा."

वेग वाढत होता. माझी टोपी उडाली. पूल दिसायला लागला, आणि कठड्यावरचा पांढरा ओरखडा.

"नार्सिह. पोरी."

"मी ऐकते आहे."

"माझ्या मुलाची..." मी म्हणालो. वारा तोंडात शिरत होता.

"मोठ्याने. न्यायाधीशाला कमी ऐकू येतं म्हणतात."

"माझ्या मुलाची काही खबर नाही."

"पुन्हा."

"काही खबर नाही. सहा वर्षं नाही. तो नाही. तो नाही येणार."

शेवटचं तिने मागितलं नव्हतं. ते कुठून आलं मला माहीत नाही.

तिने उजवा पाय दाबला, उजव्या हाताने पुढचा ब्रेक घेतला, लिव्हर हळूच सोडला. गाडी वळणाच्या अलीकडे उभी राहिली. इंजिन शांतपणे चालू होतं. माझी पँट ओली झाली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"मला शिकवलंत," ती म्हणाली. "त्याला नाही."

मग खाली उतरून माझी टोपी आणून दिली, धूळ झटकून.

कोर्टात मी ते वाक्य बोललो. न्यायाधीशाने विचारलं, नक्की? मी म्हणालो, नक्की. कमी ऐकू येणारा नव्हता तो, तरुण होता.

परत येताना तिने पूर्ण रस्ता इंजिनावर घेतला. एकदाही झटका बसला नाही.

२४ ऑक्टोबर

नार्सिह गेली. एक पिशवी घेतली. किल्ली खिळ्याला अडकवली, भात झाकून ठेवला. कुसच्या घराजवळ कोणाची तरी खोली बघितली आहे. त्याचा हात तसाच राहणार, ती चिरणं शिकणार आहे म्हणे. बायका चिरत नाहीत असं मी म्हणालो. ती म्हणाली, "बघू."

"गाडी घेऊन जा," मी म्हणालो. "चालवणारं कोणी नाही इथे."

"ती तुमच्या मुलाची आहे, पाक."

पायीच उतरली. वळणापर्यंत दिसत होती.

३१ ऑक्टोबर

गाडी गोठ्यात नेली. चांगलं तेल घातलं. टाकी पुसली, वर पोती टाकली. मग डावा लिव्हर पूर्ण ओढला आणि जुन्या ट्यूबच्या पट्टीने हँडलला बांधला. मुरड बोटाला लागली. दोनदा ओढून पाहिलं. घट्ट आहे.